बंड्या गप्प पडलेला असतो, तेव्हा त्याच्याकडे कोण बघतं?

पत्र: घोडबंदर रस्त्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मुलगा आणि सून सकाळी आठला बाहेर पडतात, ते रात्री साडेआठला येतात. सव्वातीन वर्षांचा नातू दिवसभर माझ्याकडे असतो. दोन महिन्यांपूर्वी मुलाने लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं. बंड्या आता पाच महिन्यांचा आहे. तसा गुणी आहे, पण नातू दिसला की अंगात आल्यासारखं करतो. उड्या मारून त्याला पाडतो, चड्डी दातात धरून ओढतो. नातू किंचाळत सोफ्यावर चढतो, की हा त्याच्या मागे. परवा मनगटाला दात लागून ओरखडा आला, मी हळद लावली. पावसामुळे त्याला खाली नेणं होत नाही आणि माझे गुडघे दुखतात. मुलगा आला की तासभर त्याच्याशी कुस्ती खेळतो, पण दिवसभर मी एकटी. शेजारच्या सांगतात, वर्तमानपत्राची सुरळी करून एक द्या, नाहीतर बाल्कनीत बांधून ठेवा. गणपतीला सहा आठवडे आहेत. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. पुण्याहून लेक दीड वर्षाच्या नातीला घेऊन चार दिवस येते. ती म्हणते, कुत्रा असेल तर मी येणार नाही. मुलगा म्हणतो, मग देऊन टाकू कुणाला तरी. मला दोन्ही नको आहे. काय करू? (एक आजी, ठाणे)

काकू,

आधी त्या ओरखड्याचं बोलू. तुम्ही त्याच्यावर एकच ओळ लिहिलीत, पण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. पिल्लू घरचं असो, त्याची लस झालेली असो, रक्त टिपूसभरच आलेलं असो, दात लागून कातडी खरचटली की ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायची. घड्याळाकडे बघून. हळद, चुना, तिखट, तेल यातलं काहीही लावायचं नाही. आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. जाताना बंड्याचं लसीचं पुस्तक बरोबर घ्या. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, ती दिली का आणि कधी, हे त्यात असेल. नातवाला लस हवी की नको हे डॉक्टर ठरवतील, आणि सुरू केलीच तर त्यांनी दिलेली एकही तारीख चुकवू नका. महापालिकेच्या रुग्णालयातही ही लस मिळते. दोन दिवस उलटून गेले म्हणून सोडून देऊ नका, आजच जा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचवण्याचा इलाज हाती राहत नाही, म्हणून इतकं निक्षून सांगते आहे. बंड्याला जंताचं औषध वेळेवर मिळतंय का, तेही त्याच पुस्तकात बघा. त्याच घरात तोंडात हात घालणारं लेकरू आहे.

आता बंड्या.

पत्र वाचताना त्याचा दिवस डोळ्यांसमोर उभा राहिला. सकाळी दहा वाजता तो फरशीवर पोट टेकून गप्प पडलेला असतो. तेव्हा तुम्ही काय करता? सुटकेचा श्वास सोडता आणि कुकर लावायला जाता. ते अगदी साहजिक आहे, मीही तेच केलं असतं. पण बंड्याच्या बाजूने बघा. गप्प पडलं की त्याच्याकडे कुणी बघत नाही. नातवावर उडी मारली की नातू किंचाळतो, तुम्ही ‘बंड्या, बंड्या, अरे सोड’ म्हणत धावत येता, पट्ट्याला धरता, डोळ्यांत डोळे घालून बोलता. तुम्ही रागावलेल्या असता, पण पाच महिन्यांच्या पिल्लाला त्यातलं एवढंच कळतं, की उडी मारली की अख्खं घर माझ्याभोवती जमतं. दोन महिने रोज हाच धडा मिळतोय त्याला. तो हुशार आहे, शिकला.

म्हणून माझं सगळं सांगणं एका गोष्टीभोवती आहे: बंड्या शांत असेल तेव्हा त्याची दखल घ्यायची. दंगा थांबवण्यात जेवढी शक्ती जाते, तिच्या पाव हिश्श्याने हे होतं आणि गुडघ्यांनाही झेपतं. त्याचं दिवसाचं कोरडं खाणं मोजून घ्या, त्यातला अर्धा भाग वाटीत न घालता एका डब्यात काढून ओट्यावर ठेवा. येता-जाता तो पडलेला दिसला, की काही न बोलता दोन दाणे त्याच्या पुढच्या पायांच्या मधे ठेवून पुढे जा. टाकायचे नाहीत, हातातून भरवायचे नाहीत, जमिनीवर हळूच ठेवायचे. वाकता येत नसेल तर लांब दांड्याच्या पळीतून सोडा. मोठ्याने कौतुक केलंत तर तो उठून नाचायला लागेल, म्हणून म्हणायचंच असेल तर हलक्या आवाजात ‘शाब्बास’ एवढंच. दिवसातून ३०-४० वेळा हे झालं पाहिजे. बहुतेक पिल्लं आठ-दहा दिवसांत आपणहून जास्त वेळा पडून राहू लागतात.

याच्या जोडीला एक गोधडी. जुन्या लुगड्याची, त्याच्या अंगापेक्षा थोडी मोठी. ती फक्त शिकवण्याच्या वेळी पसरायची आणि झालं की गुंडाळून वर ठेवायची. सुरुवातीला त्याने तिच्यावर नुसता पाय ठेवला तरी दाणा. मग चारही पाय आले तर. मग बसला तर, आणि शेवटी आडवा होऊन कूस टेकली तर. एका वेळी तीन मिनिटं पुरे, दिवसातून चार-पाच वेळा, नातू झोपलेला असताना. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्या जागेला शब्द जोडा. ‘बस’ हा शब्द मात्र नको. आपल्या घरांत ‘बस’ दिवसभर चालू असतं: नातवाला ‘इथे बस’, दूध ओतताना ‘बस, बस’, भांडण सोडवताना ‘आता बस झालं’. बिचाऱ्या कुत्र्याने त्यातलं आपलं कुठलं धरायचं? ‘गोधडी’ म्हणा. तो शब्द तुम्ही दुसऱ्या कुणाला उद्देशून म्हणत नाही. तसंच रागावताना त्याचं नाव घेऊ नका. नाव घेतलं की काहीतरी चांगलं होतं, एवढंच त्याला ठाऊक असू दे.

नातू समोर असताना बंड्याला शिकवायला जाऊ नका. यावर बरीच घरं अडकतात. मूल पळतंय, पिल्लू उधळलंय आणि मोठी माणसं मधे उभं राहून ‘बस, बस’ ओरडताहेत. आगगाडी सुटल्यावर तिकीट काढण्यासारखं आहे ते. आधी शांत घरात गोधडी पक्की होऊ द्या. मग सुनेला रविवारी सांगा, तिने लहान मुलासारखं दोन पावलं दुडूदुडू पळायचं, तुम्ही गोधडीवर दाणे ठेवत राहायचं. मग नातवाचा आवाज करणारा ट्रक खोलीभर फिरवा. हे जमलं की नातवाला लांब, सोफ्यावर चित्रांचं पुस्तक घेऊन बसवा, मधे गेट. अंतर बरोबर आहे का ते बंड्याच सांगतो: समोरचा दाणा खात असेल तर ठीक. दाणा तसाच ठेवून नातवाकडे टक लावून बघत असेल, तर फार जवळ आणलंत, दोन हात मागे न्या.

गेट घ्याच. लहान मुलांसाठी दारात बसवतात ते, भिंतीला भोकं न पाडता बसणारं मिळतं. हॉल आणि आतल्या खोलीच्या मधे लावा. दोघं एकमेकांना बघू शकतात, वास घेऊ शकतात, पण गाठ पडत नाही. बाल्कनीत बांधण्यात आणि यात फरक आहे. बाल्कनीत तो एकटा, उन्हापावसात, खालची प्रत्येक हालचाल बघून भुंकणारा. तिथून सोडलात की दुप्पट जोमाने नातवावर येईल.

आणि हे लिहून फ्रीजवर चिकटवा: पाच वर्षांखालचं मूल आणि कुत्रा एका खोलीत एकटे नाहीत, एक मिनिटही नाहीत. दाराची बेल वाजली, दूध उतू जायला लागलं, तर दोघांपैकी एकाला बरोबर घेऊन उठायचं. कुरिअरवाला दोन मिनिटं थांबेल. मुलांना होणारे अनेक चावे घरच्या किंवा ओळखीच्या कुत्र्यांचे असतात, आणि मूल उंचीने लहान म्हणून दात चेहऱ्याजवळ लागतात. बंड्या वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो पाच महिन्यांचा आहे आणि नातू सव्वातीन वर्षांचा, दोघांनाही थांबता येत नाही एवढंच.

चड्डी ओढण्यामागे दातांचाही भाग आहे. चौथ्या महिन्याच्या आसपास पिल्लांचे २८ दुधाचे दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. सध्या त्याच्या हिरड्या शिवशिवत असणार. गाजर फ्रीजरमध्ये घट्ट करून द्या. सुती फडकं ओलं करून पिळा, गाठ मारून गोठवा आणि समोर बसून चघळू द्या. चावून तुकडे करायला लागला तर काढून घ्या.

आता झोपेचं. एवढ्या पिल्लाला दिवसाचे १६ ते १८ तास झोप लागते. तुमच्या घरात ती मिळत असेल असं वाटत नाही. नातू उठला की हा उठतो, बेल वाजली की उठतो. संध्याकाळी सात-साडेसातला तो सगळ्यात जास्त उधळतो ना? ते झोपेला आलेलं मूल किरकिर करतं तसंच आहे. अशा वेळी त्याला खेळवून दमवायला जाऊ नका. तो आधीच दमलेला आहे. आतल्या खोलीत, पडदे ओढून, पंखा लावून, दुपारी नातवाबरोबरच त्यालाही दोन-अडीच तास झोपवा. या एका बदलाने अर्धा दंगा कमी झालेला मी कितीतरी घरांत पाहिला आहे.

तुमच्या चिरंजीवांशी मला थोडं बोलायचं आहे, हे त्यांना वाचून दाखवा. दादा, दिवसभर लोकलचा प्रवास आणि ऑफिस करून आल्यावर कुत्र्याशी लोळायचं सुख मला कळतं. पण तुम्ही हाताने त्याचं तोंड ढकलता, तो हात धरतो, तुम्ही हसता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तेच तुमच्या मुलाशी करतो आणि मार खायची पाळी येते. ८० किलोच्या माणसाशी चालतं ते १४ किलोच्या मुलाशी चालत नाही, हा हिशेब कुत्र्याला कसा समजावा? कुस्ती आजपासून बंद. खेळायचं तर दोरीने, दोरी त्याच्या तोंडात आणि दुसरं टोक तुमच्या हातात. दात कातडीला लागले की खेळ संपला, तुम्ही उठून गेलात. घरात शिरताना त्याचे चारही पाय जमिनीवर येईपर्यंत त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. पहिले काही दिवस उड्या वाढतील, कारण कालपर्यंत चाललेली युक्ती आज का चालत नाही, म्हणून तो जास्त जोर लावेल. तेव्हा कुणी एकानेही ‘जाऊ दे रे’ म्हणून कुरवाळलं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि सकाळची फेरी तुमची. कुत्रा तुम्ही आणलात, आईचे गुडघे दुखतात.

पाऊस जोरात असेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा पोडियमच्या छपराखाली २० मिनिटं हिंडवा, पण ओढत नेऊ नका, हुंगू द्या. कुत्र्याचं डोकं हुंगण्याने दमतं आणि निवतं. रस्त्यावर साचलेल्या पाण्यात उतरवू नका. अशा पाण्यातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार कुत्र्यालाही होतो, त्याच्याकडून माणसालाही होऊ शकतो, आणि त्याची लस असते, डॉक्टरांना विचारा. घरात तुम्हाला बसल्या जागी करता येईल असं: जुना टॉवेल पसरा, त्यावर मूठभर दाणे टाका, सुरळी करून गाठ मारा आणि द्या. पंधरा मिनिटं तो त्यातच गुंततो.

लिफ्टमध्ये दुसऱ्यांची मुलं असतील तर पुढच्या फेरीची वाट बघा. केंद्राच्या पशुकल्याण मंडळाने २०१५ सालीच स्पष्ट केलं आहे, की सोसायटीला पाळीव कुत्र्यांना लिफ्टमध्ये बंदी करता येत नाही. तुमचा हक्क आहेच. तरी घाबरलेल्या चार वर्षांच्या पोरीच्या अंगावर त्याने उडी मारली, तर तिच्या मनातली भीती वर्षानुवर्षं राहील.

नातवाला काय शिकवायचं? सव्वातीन वर्षांच्या मुलाला दहा नियम सांगून उपयोग नाही. एक खेळ पुरे, आणि तो त्याला येत असेल: स्टॅच्यू. तुम्ही ‘स्टॅच्यू’ म्हणालात की हात छातीशी घडी, पाय घट्ट, तोंड बंद, नजर पायाकडे. बंड्या नसताना रोज खेळा, घरभर, हसत. पळणारी किंचाळणारी गोष्ट पिल्लाला पाठलागाला बोलावते. खांबासारखं उभं राहिलेलं मूल त्याला कंटाळवाणं वाटतं आणि तो निघून जातो. दुसरं काम त्याला आवडेल असं: गेटच्या अलीकडून बंड्याच्या गोधडीवर दाणा टाकायचा. हातातून भरवायचा नाही. हात लावायचा असेल तर तुमचा हात त्याच्या हातावर, डोक्यावर न ठेवता खांद्याजवळ, आणि दोघांनी मोजायचं: एक, दोन, तीन, हात मागे. बंड्या पुन्हा जवळ सरकला तर पुन्हा तीन. तोंड फिरवलं तर त्याला आज नको आहे. ‘भूभू नको म्हणतोय’ हे वाक्य नातवाला शिकवा, फार लवकर कळतं मुलांना. खाताना, झोपलेला असताना, तोंडात काही असताना बंड्याला हात लावायचा नाही. शेपूट ओढणं आणि पाठीवर बसणं घरात कुणालाही गोड वाटता कामा नये. त्याचे मोबाइलवर फोटो काढणारे पाहुणे आले, तर त्यांनाही स्पष्ट सांगा.

एवढ्या काळजीचं कारण असं, की कुत्रा एकदम चावत नाही. आधी बरंच काही सांगतो. खाणं समोर नसताना ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, मान वळवतो, डोळ्याच्या कोपऱ्यातलं पांढरं दिसायला लागतं, अंग ताठ होतं. यातलं काही दिसलं की त्याला रागवू नका, मुलाला उचला. गुरगुरला तर तेव्हाही मारू नका. गुरगुरणं ही त्याची पूर्वसूचना आहे, ती मारून बंद केलीत तर पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतील. खाण्यावरून किंवा खेळण्यावरून गुरगुरणं दोन-तीनदा झालं, तर पशुवैद्यांना सांगून मारझोड न करणारा शिकवणारा माणूस घरी बोलवा.

सुरळीबद्दल सांगते. माझ्या पहिल्या कुत्रीला, मी पंचविशीची असताना, शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मी सुरळीने मारलं होतं. फार जोरात नव्हे. पुढे अकरा वर्षं, ती जाईपर्यंत, घरात कुणी पेपर उघडला की ती पलंगाखाली जायची. तिचं ते अंग चोरणं अजून डोळ्यांपुढे येतं. आणि तुमच्या घरात तर मार बसेल तेव्हा समोर नातू असेल. बंड्या शिकेल तो एवढंच, की हे मूल जवळ आलं की दुखतं.

आता गणपती. खोटी आशा दाखवत नाही. सहा आठवड्यांत बंड्या नातवाबरोबर बराच शहाणा होईल. दीड वर्षाच्या, धडपडत चालणाऱ्या, हातात खाऊ धरलेल्या बाळाबरोबर त्याला मोकळं सोडण्याइतका होणार नाही. लॅब्रॅडॉर दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत आडदांडच असतो. त्यामुळे त्या चार दिवसांत त्याला काही शिकवायचं नाही, दोघांना वेगळं ठेवायचं. लेकीला आजच फोन करून सांगा, की नात जमिनीवर असेल तेव्हा बंड्या गेटच्या आत असेल, आणि तिला पत्ता लागू न देता कुणी गेट उघडणार नाही. तिला ‘काही करत नाही गं तो’ असं समजावू नका. आईला तशा शब्दांनी कधी धीर आलाय का? तिला बंद गेट दिसलं पाहिजे.

आरतीच्या वेळी झांजा आणि टाळ्या सुरू व्हायच्या आधीच त्याला आतल्या खोलीत न्या, दार लावा, गोठवलेलं गाजर द्या, पंखा मोठा ठेवा. प्रसादाकडे डोळ्यांत तेल घालून बघा. पंचखाद्यातले खिसमिस, शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, अगदी थोडेसेसुद्धा. चॉकलेटचे मोदक अजिबात नकोत, कांदा-लसणाचं काही नको. लहान मुलांच्या हातून प्रसाद सांडतोच, म्हणून केर काढल्यावरच त्याला हॉलमध्ये सोडा. खाल्लंच तर उलटीची वाट न बघता लगेच पशुवैद्यांना फोन. विसर्जनाला सगळे तलावावर गेले की घरी त्याच्याजवळ एक माणूस राहू दे, खाली ढोल-ताशा असतो.

देऊन टाकायचा निर्णय गणपतीआधी घेऊ नका. मूल आणि कुत्रा खरोखरच जमत नसतील, तर चांगलं घर शोधून देण्यात पाप नाही, हेही मी मनापासून म्हणते. पण अजून त्याला कुणी शिकवलेलंच नाही. दिवाळीपर्यंत वरचं सगळं घरातल्या चारही जणांनी केलं, मग बसून बोला. तोवर मला कळवत राहा, विशेषतः दुपारची झोप सुरू केल्यावर संध्याकाळ कशी जाते ते.

आणि लेक यायच्या आदल्या दिवशी मुलाला गेट दोन्ही हातांनी जोरात हलवून बघायला सांगा. पावसात चौकट फुगते, पकड सैल होते.